बद्द आवाज

वेलीनं यंदा ताळतंत्रच सोडलं.
कंपाउंडवर गिलकी, मीटरच्या पेटीवर गिलकी,
एक तर शेजारच्या हुसेन तडवीच्या
स्कूटरच्या आरशाला लोंबकळतंय.
भजी झाली. पीठ पेरून झालं.
जून झालेली न्हाणीत अंग घासायला गेली.
मथू म्हणाली, अजून एक जरी गिलकं
माझ्या शेगडीवर चढलं
तर मी फैजपूरला माहेरी निघून जाईन.
एकसष्टाव्या वर्षी.

तेव्हा तो कागद आठवला.
गार्ड परेराच्या बाईनं दिलेला,
मेमोच्या पाठीमागं, जांभळ्या शाईत.
भाजी किसून घालायची ब्रेडात, यीस्ट नको, सोडा पुरे.
कोणती भाजी, तो शब्द तेलात विरघळून गेलेला.
मी गिलकं असं धरून चाललो.

गाजर किसणीशी भांडतं. मुळा तर चावतो.
गिलकं भांडत नाही,
चार हात फिरवले की नुसतं पाणी होऊन बसतं,
हिरवट, भातुकलीतल्या आमटीसारखं.
पिळू की नको?
कागदावर फक्त एवढंच: पाणी फेकू नये.
खाली दोन रेघा.
बाई कडक होत्या.

कणीक दोन वाट्या, गूळ किसून,
शेंगदाण्याचं तेल, आंबट दही,
अक्रोड लिहिलेत तिथं भाजलेले दाणे, अर्धे-अर्धे,
जायफळ नखाएवढं.
जास्त ढवळू नये. हे मला जड गेलं,
हातात पळी आली की माझा बोल्ट होतो,
आवळेपर्यंत सोडवत नाही.

भट्टी म्हणजे ती गोल, ॲल्युमिनियमची, वर काच.
तळाला तापीची वाळू.
पाऊण तास मी काचेतून बघत बसलो.
वास गल्लीत गेला
आणि वासाच्या मागोमाग तडवी आला,
स्कूटरचं गिलकं परत करायच्या निमित्तानं.

सायकलचा आरा घासून ठेवला होता, तो खुपसला.
कोरडा आला. जवळजवळ.
मग ब्रेड उलटा केला, पालथ्या बुडावर
बोटाच्या पेरानं टकटक केलं.

बत्तीस वर्षं भुसावळ यार्डात
मी चाकांवर हातोडी मारली.
रात्री दोनला, मालगाडीच्या कडेकडेनं,
डाव्या हातात बत्ती.
खणखणीत वाजलं की पुढचं चाक.
बद्द वाजलं की थांबायचं,
पुन्हा मारायची, पुन्हा ऐकायचं,
मग खडूची फुली आणि डबा सिक लाइनला.
माझ्या हातून गेलेला एकही डबा वाटेत बसला नाही.
(एक बसला. नांदगावच्या पुढं. ते वेगळं.)

ब्रेड बद्द वाजला.
पुन्हा वाजवला. बद्द.
तडवी म्हणाला, कलिंगड घेतो का रे तू?
मी बोललो नाही. खडू शोधत असावा माझा हात.
भट्टीत परत सारणार, तेवढ्यात मथूनं
ताट ओढलं, सुरी घातली.

आत हिरवे धागे, गुळाच्या रंगात अडकलेले,
वाफ, आणि ओल.
कच्ची नव्हे. ओल.
तिनं उभ्याउभ्याच खाल्ला तुकडा.
मग पदराला हात न पुसताच
दुसरा कापला, पहिल्यापेक्षा जाड.
काही म्हणाली नाही,
आणि मथू काही म्हणत नाही तेव्हा
मी पास झालेलो असतो.

तडवी चार तुकडे घेऊन गेला. गिलकं इथंच विसरला.

रात्री एक लांब मालगाडी पुलाकडं गेली.
सवयीनं डबे मोजले, अठ्ठावन्न.
मग उठून जांभळ्या शाईखाली
माझ्या पेननं लिहिलं: गिलकं.
आणि त्याखाली: बद्द वाजला तर वाजू द्या.
एक रेघ मारली. दुसरी मारायची हिंमत झाली नाही.

आतून मथूनं विचारलं, उरलंय का काही?
वेलीवर अकरा, म्हणालो.
ब्रेड हो, ती म्हणाली.